गावपळणीतला सर्व्हे

आमच्या गावातल्या एका पुढाऱ्याचं वाईट व्हावं असं मला वाटतं, आणि हे लिहिताना मला जराही लाज वाटत नाही. तो कोणी परका नाही, भावकीतलाच आहे. माझ्या आईला काकी म्हणायचा. लहानपणी आमच्या पडवीत बसून तिच्या हातच्या आंबोळ्या खायचा आणि आणखी मागताना लाजल्याचं सोंग करायचा. आज त्याचा फोटो तिठ्यावरच्या फलकावर आहे. हात जोडलेले, मागे हिरवीगार झाडं आणि सौर पॅनेलच्या निळ्या रांगा. फलकावर गावाला 'हरित गाव' म्हटलंय. एसटीतून जाताना तो फलक आला की मी तोंड फिरवत नाही, उलट नीट बघून घेते. राग शिळा होऊ नये म्हणून अधूनमधून असं बघावं लागतं.

गाव म्हणजे दोन वाड्या. खालची वाडी समुद्रालगत. पूर्वी तिथे माडांच्या सावलीत चार घरं होती, आता हॉटेलं, होमस्टे आणि पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेणारे लोक आहेत. सगळ्यांत मोठं हॉटेल अर्थातच पुढाऱ्याचं. वरची वाडी आमची. काजूच्या बागा, थोडी भातशेती, आणि त्याच्याही वर सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं मोकळं पठार. खालच्या वाडीत पर्यटक येतात. आमच्या वाडीत फक्त वादळ येतं.

मी सावंतवाडीच्या एका शाळेत शिकवते. वडील गेल्यावर आई गावच्या घरात एकटी राहायची आणि मी शनिवारी जाऊन सोमवारी पहाटेच्या गाडीने परतायचे. अधल्यामधल्या दिवसांत शेजारची वहिनी तिच्याकडे बघायची. आईने तरुणपणी वर्षानुवर्षं काजूच्या बिया भाजल्या. त्या धुराने तिची फुप्फुसं खाल्ली. शेवटी डॉक्टरांनी घरी मशीन लावायला सांगितलं, हवेतून प्राणवायू काढून नाकातल्या नळीने देणारं. ते चाले विजेवर. आणि आमच्या वाडीची वीज अशी, की डोंगरापलीकडे कोणी शिंकलं तरी जायची. तारा काजूच्या फांद्यांतून गेलेल्या, खांब गंजलेले. लाईट गेली की इन्व्हर्टर थोडा वेळ दम धरायचा आणि मग आई दम धरायची.

आईचं एकच मागणं होतं. मरण आलं तर ते या घरात यावं. सावंतवाडीला चल म्हटलं की म्हणायची, तुझी जागा दुसऱ्या मजल्यावर, मला खालून वर चढवाल, पण मग वरून खाली कशी आणाल ते मला ठाऊक आहे. हे ती हसत सांगायची. मी तिला शब्द दिला होता की तुला इथून हलवणार नाही. वीज नीट असेल तर तो शब्द पाळणं काही अवघड नव्हतं.

म्हणून ती योजना आली तेव्हा आमच्या घरात सण झाला. ग्रामपंचायतीत सभा भरली, ओरोसहून, म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणाहून, साहेब लोक आले. समुद्र तापतोय, वादळं वाढणार, म्हणून सरकार किनाऱ्यावरच्या गावांत विजेच्या तारा जमिनीखालून नेणार आहे, असं त्यांनी समजावलं. मग पुढारी उठला. हवामानबदलाची झळ गरिबाला आधी बसते, त्यामुळे सोयही गरिबाला आधी मिळाली पाहिजे, यालाच न्याय म्हणतात, असं तो बोलला. चांगलं बोलला. मीही टाळ्या वाजवल्या. साहेबांनी सांगितलं की केबल सगळीकडे पुरणार नाही, आधी घरोघरी सर्व्हे होईल, आणि जिथे राहती घरं जास्त तिथे ती पहिल्यांदा जाईल. आमच्याकडे मुंबईकरांची कुलूपबंद घरं बरीच, त्यामुळे ही अट ठीकच वाटली. वरच्या वाडीत राहती घरं खालच्या वाडीपेक्षा जास्त होती. हिशेब आमच्या बाजूचा होता. आमच्याइतकाच तो पुढाऱ्यालाही कळत होता, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

त्या वर्षी गावपळण होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या भागातल्या काही गावांत दर काही वर्षांनी ग्रामदेवतेचा कौल घेऊन अख्खा गाव वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. घराघरांतला मेन स्विच बंद होतो, चुली विझतात, आणि तीन दिवस गावात मनुष्यप्राणी राहत नाही. गाव देवाचा होतो. आम्ही वेशीवरच्या व्हाळापलीकडे, म्हणजे ओढ्यापलीकडे, झावळ्यांच्या खोपी घालून राहतो, एकत्र रांधतो, भजनं करतो, भांडणं विसरतो. परत यायचं तेही कौल झाल्यावरच. त्याआधी वेस ओलांडायची नाही. आजारी असो, श्रीमंत असो, पुढारी असो, हा नियम सगळ्यांना सारखा. सरकारच्या कुठल्याही योजनेत मी इतका सारखेपणा पाहिलेला नाही.

आईला आम्ही शेजारच्या गावात मावशीकडे ठेवलं होतं, तिथे मशीनपुरती वीज होती. मी रजा काढून खोपीत राहत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बायका व्हाळावर भांडी घासत होतो, आणि समोर, रिकाम्या गावात, एक जीप आली. त्यातून डोक्यावर पिवळ्या टोप्या घातलेली माणसं उतरली आणि आमच्या वाडीत शिरली.

आम्हाला समजायला वेळ लागला नाही. सर्व्हेवाले. दारं बंद, मीटर थांबलेले, अंगणात कोंबडीसुद्धा नाही. ती माणसं एकेका घरासमोर उभी राहून टिपून घेत होती आणि पुढे जात होती. वहिनी आधी हसली, मग ओरडायला लागली. सगळेच काठावर जमले. आम्ही हाका मारल्या, हात हलवले, कुणी टॉवेल फिरवला. त्यांच्यातल्या एका तरुणाने आमच्याकडे पाहिलं आणि त्यानेही आनंदाने हात हलवला. त्याला वाटलं असेल, इथे काहीतरी जत्रा चालली आहे. मध्ये एवढासा व्हाळ, पाणी घोट्यापर्यंत. कोणीतरी पलीकडे जाऊन एवढंच सांगायला हवं होतं की बाबांनो, ही घरं राहती आहेत, माणसं इथे बसली आहेत. पण एकही पाय पाण्यात पडला नाही. देवळाच्या म्हाताऱ्या मानकऱ्यांनी नुसती मान हलवून नाही म्हटलं, आणि तेवढं पुरलं. बाहेरच्याला हा मूर्खपणा वाटेल. वाटू दे. आम्ही तसे आहोत, आणि आम्ही तसे आहोत हे ज्याला माहीत होतं त्यानेच त्याचा वापर केला.

तो आमच्यातच होता. त्याचीही खोप होती, त्यानेही नियम पाळला होता. तो फोन कानाला लावून जरा बाजूला गेला, बोलल्यासारखं करून परत आला आणि म्हणाला, "सांगलंय मी तेंका. परत येतले, काळजी करू नकात." आम्ही काळजी केली नाही. दुपारी त्याने आमच्याबरोबर पंगतीत बसून सोलकढी दोनदा मागून घेतली.

ते परत आले नाहीत. पावसाळा संपल्यावर खालच्या वाडीत खणाखणी सुरू झाली. केबल समुद्राच्या रस्त्याने गेली आणि त्याच्या हॉटेलच्या फाटकापाशी थांबली. खालच्या वाडीचा सर्व्हे गावपळणीच्या आदल्या आठवड्यातच, घरं भरलेली असताना झाला होता. आमची वाडी बहुतांश बंद घरांची ठरली. आम्ही अर्ज केले. पुढच्या टप्प्यात बघू, असं उत्तर आलं. सरकारी भाषेत टप्पा म्हणजे अशी जागा, जिथे आपल्यासारखी माणसं उभी करून ठेवतात.

पुढच्या मे महिन्यात वादळ आलं. मी सुट्टीमुळे घरीच होते. सकाळपासून वारा असा सुटला की काजूची झाडं मुळासकट कलंडली आणि तारा, खांब सगळं घेऊन पडली. इन्व्हर्टर संपला. घरात प्राणवायूचा एक सिलेंडर होता तो लावला. रस्त्यावर झाडं आडवी, दुसरा सिलेंडर आणायचा तर कुठून? पडवीतून खाली पाहिलं तर खालच्या वाडीत, त्या काळोख्या दिवसात, हॉटेलांचे दिवे लखलखत होते. मी त्याला फोन केला. म्हटलं, आईसाठी एक खोली दे, खोली नको, व्हरांड्यात एक प्लग दे. तो फार गोड बोलला. काकी म्हणजे माझी आईच, म्हणाला. पण पर्यटक अडकले आहेत, एकही कोपरा रिकामा नाही, तुम्ही दुसरीकडे बघा. मावशीच्या गावातही तारा पडल्या होत्या, त्यामुळे दुसरीकडे म्हणजे सावंतवाडी. वाडीतल्या माणसांनी कोयत्यांनी फांद्या तोडत रस्ता केला आणि आम्ही तिला टेम्पोत गादी घालून नेलं. मी शब्द मोडला.

वरच्या वाडीची लाईट यायला कित्येक आठवडे गेले. तेवढे आई टिकली नाही. माझ्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत तिला खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसायची. नळी सारून ती रोज एकच म्हणायची, "माका घराक व्हर गो." मी रोज सांगायचे, लाईट आली की जाऊ. एक दिवस तिने विचारणं सोडलं. शेवटी तिला चौघांनी खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली आणलं, अगदी ती म्हणाली होती तसं. लोक समजूत काढायला आले. फुप्फुसं गेलेली बाई, आज ना उद्या जाणारच होती, म्हणाले. जाणारच होती. पण कुठून जायचं ते तिने ठरवलं होतं, आणि तेवढंही तिला मिळालं नाही.

दिवसकार्य आटोपल्यावर मी ओरोसला गेले. भांडायला नव्हे, वाडीच्या अर्जाचं काय झालं ते विचारायला. तिथला अधिकारी भला माणूस होता, त्याने बसायला सांगितलं, चहा मागवला. मी म्हटलं, साहेब, तुमची माणसं नेमकी गावपळणीत कशी आली? तो गोंधळला. त्याला गावपळण हा शब्दच ठाऊक नव्हता. मग आठवून म्हणाला, "वरच्या वाडीची तारीख तुमच्याच गावच्या नेत्यांनी दिली होती. त्या दिवशी काम लवकर उरकेल म्हणाले." मी विचारलं, आणि त्या दिवशी त्यांनी फोन केला होता का, परत या म्हणून? तो म्हणाला, नाही बुवा, कुणाचाच फोन नव्हता.

मी चहा संपवला, आभार मानले आणि बसस्टॉपवर येऊन बसले. त्या दिवसापर्यंत मी वादळाला, सरकारला, नशिबाला बोल लावत होते. आता माझ्या रागाला एक तोंड मिळालं, आणि खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं. मी कोणाला काही बोलले नाही. त्याच्यासमोर आले की हसायचे. मला घाई नव्हती. कोकणात कोणाला तरी कधीतरी सातबारावरच्या सगळ्यांच्या सह्या लागतातच.

आणि लागल्या. सरकारने सौरऊर्जेची नवी योजना काढली आणि एका बाहेरच्या कंपनीला आमचा सडा आवडला. मध्ये पुढारी होता, कुंपणापासून रस्त्यापर्यंत सगळी कामं त्याच्याकडे. पण सडा सामायिक. सातबारावर भावकीतली इतकी नावं की वाचताना दम लागावा. मुंबईतल्या, पुण्यातल्या, सगळ्यांच्या सह्या त्याने गोळा केल्या. एक राहिली. आईच्या जागी माझं नाव लागलं होतं.

तो पेढे घेऊन आला. आईच्या फोटोला हार घातला. मग सूर्य सर्वांचा आहे, पुढच्या पिढीचा विचार करायला हवा, वाडीतल्या पंपांना दिवसा वीज मिळेल, असं बरंच काही बोलला. मी म्हटलं, सही करते, पण सड्यावर पहिला खड्डा पडण्याआधी आमच्या वाडीत जमिनीखालून केबल आली पाहिजे. मला वाटलं होतं तो टप्पे मोजायला लागेल. त्याने खिशातून फोन काढला, आमच्याच पडवीत बसून कोणाशी तरी बोलला, मध्ये एकदा हसला, आणि म्हणाला, "होतला काम." चहा अजून गरम होता.

आणि काम झालं. यंत्र आलं, रस्त्याच्या कडेने चर मारत गेलं. आमच्या फाटकासमोरचा तुकडा त्यांनी सकाळी सुरू केला आणि जेवायच्या सुट्टीआधी बुजवला. मी फाटकात उभी राहून पाहत होते. कामगारांना वाटलं असेल, बाई कुंपणाची काळजी करते आहे. मी फक्त बघत होते की हे किती थोडं होतं.

मग मी दुसरी अट सांगितली. आमच्याकडे कुठलंही नवं काम देवळात नारळ ठेवून, गाऱ्हाणं घालून सुरू होतं. गाऱ्हाणं मानकरी घालतात. ते देवाला सगळं सांगतात, आणि प्रत्येक वाक्याला जमलेला गाव 'व्हय म्हाराजा' म्हणतो. मी म्हटलं, या वेळी गाऱ्हाणं पुढाऱ्याने स्वतः घालायचं. मी तिथेच सही करीन. त्याला त्यात मानच वाटला.

दोन्ही वाड्या जमल्या होत्या. कंपनीची माणसं बाहेर गाडीत बसली होती. त्याने स्वच्छ आवाजात सुरुवात केली. बा देवा म्हाराजा, तुझी लेकरां आज तुझ्या पायाकडे इली हत. व्हय म्हाराजा. सड्यावर चांगला काम उभा रवता हा. व्हय म्हाराजा. आमच्या हातसून जाणता-अजाणता काय चुकला आसात, ता पोटात घाल. लोक तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हटलं, "थांबा. अजाणता काढ. आणि काय चुकला ता देवाक सांग."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, वरच्या वाडीच्या सर्व्हेची तारीख कोणी दिली ते सांग. नसशील सांगत तर मी जाते, बस आहे मला. त्याने मानकऱ्यांकडे बघितलं. म्हातारे जमिनीकडे बघत होते. तो देवासमोर खोटं बोलू शकला असता, रोज सभांमध्ये बोलतोच. पण मी म्हटलं ना, आम्ही तसे आहोत, आणि तोही आमच्यातलाच आहे. तो म्हणाला, "गावपळणीत सर्वेची माणसा मीच बोलावलंय. जाणता."

मग मानकऱ्यांतले सगळ्यांत म्हातारे एकटेच म्हणाले, "व्हय म्हाराजा." आणि मागून गाव म्हणाला.

मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. नुसती लाईट चोरली असती तर लोकांनी त्याला माफ केलं असतं, पुढारी आहे, करायचाच. पण त्याने गावपळण वापरली होती. खालच्या वाडीतल्या त्याच्या माणसांनीसुद्धा त्याच्या हातचा प्रसाद घेतला नाही. पुढच्या निवडणुकीत तो पडला, फलकावरचा फोटो तेवढा राहिला, आणि देवळातला त्यांच्या घराचा मान त्याच्याऐवजी धाकट्या भावाकडे गेला. मी सही मात्र तिथेच केली होती, कारण वाडीच्या पंपांना दिवसा वीज हवी होती आणि वाडीने माझं काही बिघडवलं नव्हतं. वहिनी म्हणाली, आता सोड. मी म्हटलं, बघू.

त्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, पावसाच्या तोंडाशी पुन्हा तसाच वारा आला. संध्याकाळ होती. काजूच्या फांद्या कडाकड मोडून अंगणात पडत होत्या, कौलं सरकत होती. मी सवयीने मेणबत्ती काढून ठेवली आणि वाट बघत बसले. डोक्यावर पंखा फिरत होता. तो फिरतच राहिला. पडवीतला साधा बल्ब, तोसुद्धा एकदाही मिणमिणला नाही. वादळाने जे काही करायचं ते केलं आणि आमच्या वाडीत प्रत्येक घर उजळलेलं होतं. आईची खोली उजळलेली होती.

वहिनी डोक्यावर पोतं घेऊन भिजत धावत आली. तिचा चेहरा आनंदाने फुलला होता. माझ्या शेजारी बसली, पंख्याकडे बघत राहिली, आणि माझा हात धरून म्हणाली, "आता तरी तुझो राग गेलो काय गो?"

"नाय गो वैनी," मी म्हटलं. "आत्ता खरो इलो."